पाहुण्यापुरतं बरं

तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावरही जनरेटरने केवळ एक उचकी दिली आणि तो पुन्हा गप्प झाला. फेलेसियाने दोरीची मूठ सोडली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ऐन कळांच्या वेळी अंग चोरणाऱ्या बाईकडे ती ज्या नजरेने पाहत असे, त्याच नजरेने त्या यंत्राकडे पाहिले.

"साधा धूर काढ म्हटलं, तर तोही काढवेना मेल्याला," ती म्हणाली.

"गारठा आहे, सिस्टर. त्यालाही लागत असेल की," लुतेपो म्हणाला. "जरा चुचकारून बघा."

"चुचकारू? दहा वाजता साहेब येतोय, लुतेपोबाबा. त्याच्यापुढे याला काय मांडीवर घेऊन बसू?"

लुतेपो हा नाम्बिरा आरोग्य केंद्राचा राखणदार. साठी ओलांडलेला, जुन्या बाजारातून घेतलेला एक लांब कोट बारा महिने अंगावर वागवणारा, आणि फेलेसिया बाळंतिणीपाशी अडकलेली असली म्हणजे आल्यागेल्याचे स्वागत आपणच करायचे असते, अशी ठाम समजूत असलेला. त्याने कोटाच्या बाह्या वर सारल्या, यंत्रावर एक पाय रोवला आणि दोरीला असा हिसका दिला की तो स्वतःच मागे जाऊन भिंतीवर आदळला. यंत्र मात्र सुरू झाले. प्रथम निळसर, मग काळा, मग पुन्हा निळसर धूर निघाला आणि मुलांजेच्या डोंगरावरून चार दिवसांपासून उतरत असलेल्या चिपेरोनीच्या गार, ओल्या धुक्यात मिसळून आंब्याच्या झाडाखाली रेंगाळत राहिला.

"आला!" लुतेपो भिंतीला टेकूनच ओरडला. "धूर आला, सिस्टर!"

फेलेसियाने समाधानाने मान हलवली आणि दुसऱ्याच क्षणी तिला आपल्या त्या समाधानाची चीड आली. एकवीस वर्षे सुईणीची नोकरी केलेली बाई धुरासाठी आनंदित होते, ह्याहून विचित्र गोष्ट तिला आठवेना.

ह्या विचित्रपणाचे मूळ एका पत्रात होते. प्रसूतिगृहात दिवा यावा आणि लसींसाठी शीतपेटी चालावी म्हणून छपरावर उन्हापासून वीज करणारे सौरपत्रे बसवून देणारी एक योजना राजधानीत निघाली होती. फेलेसियाने अर्ज पाठवला. योजनेचा माणूस येऊन गेला. तो आला तेव्हा ती एका अडलेल्या बाईपाशी होती, म्हणून त्याच्याशी लुतेपोच बोलला. पुढे दोन महिन्यांनी पत्र आले. त्यात लिहिले होते की, आपल्या केंद्रातून होणारा धूर शून्य असल्याचे आढळले. पर्यावरण स्वच्छ राखल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन. तथापि कमी करता येण्याजोगा धूरच आपल्याकडे उपलब्ध नसल्यामुळे आपले केंद्र ह्या योजनेस पात्र ठरत नाही.

फेलेसियाने ते पत्र फाडले नाही. तिने ते औषधांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवून टाकले. गेले वर्षभर ती दिवसातून वीस वेळा ते कपाट उघडत होती, आणि कपाट उघडले की अभिनंदन.

यंत्राचा धूर नव्हता हे खरेच होते. केंद्राचा स्वतःचा जनरेटर मागच्या कोठीत तीन वर्षांपासून बंद पडून होता. जिल्ह्याहून पेट्रोल येणे थांबले, मग तो गंजला, आणि आता त्याच्या पोटातल्या पोकळीत लुतेपोची तपकिरी कोंबडी अंड्यांवर बसत असे. सूर्य मावळल्यावर जन्मलेली मुले टॉर्चच्या उजेडात जन्मत होती. दोन्ही हात कामात असल्यामुळे फेलेसिया तो टॉर्च दातांत धरी, आणि त्या लोखंडी टॉर्चने तिच्या समोरच्या एका दाताचा टवका उडालेला होता. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. परंतु एप्रिल महिन्यात एक बाई तिच्या हाताखाली दगावली. रक्त नेमके कुठून येते आहे ते तिला दिसले नव्हते. बाकी सर्व तिला येत होते, हाताशीही होते. केवळ दिसले नव्हते.

म्हणून तिने पुन्हा अर्ज केला आणि ह्या खेपेस धुराची सोय केली. बाजारातला गिरणीवाला मापोंगा शनिवारी आपल्या ओसरीवर फुटबॉलचे सामने दाखवी. त्यासाठी त्याने घेतलेला हा जनरेटर त्याने एका दिवसासाठी दिला होता. इतक्या आनंदाने दिला, की फेलेसियाला थोडे आश्चर्यच वाटले.

"दिवसा दिवा?" दारातून आवाज आला. सोबतिणींच्या निवाऱ्यातून नाबोला म्हातारी हातात वाफाळते पातेले घेऊन आली होती. तिची सून मेलिफा पहाटेपासून आत कळा देत होती. आजाऱ्यांचे आणि बाळंतिणींचे जेवण ज्याच्या त्याच्या सोबतिणीच रांधीत, त्यामुळे निवाऱ्यात तीन दगडांच्या चुली दिवसभर जळत आणि म्हातारीचे डोळे धुराने कायम लाल असत. ती आतल्या त्या एकुलत्या एका बल्बकडे मान वर करून पाहत राहिली. "अगबाई! भिंतीला किती भेगा आहेत गं, सिस्टर. मला वाटलं होतं चांगली आहे."

"आजी, भिंत नका बघू. सुनेला पेज पाजा."

दहाच्या सुमारास मोटारसायकलचा आवाज आला. योजनेचा माणूस उतरला तेव्हा त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत लाल चिखल होता. वय पस्तिशीच्या आसपास, चष्म्यावर धुक्याचे थेंब, पाठीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पिशवी. त्याने आपले नाव न्यिरोंगो असल्याचे सांगितले.

"उत्तरेकडचे दिसता," लुतेपो खुर्ची पुसत म्हणाला. "तिकडची माणसं फार सरळ बोलतात म्हणे."

"बाहेर पडलो की आम्हीही तिरके होतो, बाबा," न्यिरोंगो म्हणाला. त्याने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून मांडीवर ठेवला आणि फेलेसियाकडे वळून, रीतीप्रमाणे, दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "सिस्टर, कशा आहात? घरची मंडळी? केंद्र कसं चाललंय? उजेडाचं कसं काय?"

"बरं आहे," फेलेसिया म्हणाली. "आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही कसे आहात? रस्त्यात त्रास नाही ना झाला?"

"नाही. बरं आहे."

त्याने कागदावर एक खूण केली. फेलेसियाचे लक्ष मात्र बाहेर होते. जनरेटर मध्येच खोकल्यासारखा आवाज करू लागला होता.

"तर आमचं यंत्र," ती घाईने म्हणाली, "हे असं रोज चालतं. म्हणजे चालवावंच लागतं. धूर फार होतो. बघा ना किती धूर!"

"भयंकर," लुतेपो म्हणाला. "माझी तर धुण्याची दोरी काळी पडलीय."

न्यिरोंगो उठला आणि आंब्याखाली गेला. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली. मग तो उकिडवा बसला, यंत्राच्या कडेवरून त्याने बोट फिरवले आणि ते बोट डोळ्यांसमोर धरले. बोटाला मक्याचे पांढरे पीठ लागले होते.

"हे मक्याची न्सिमाही खातं का?" त्याने विचारले.

लुतेपोने घाईने कोटाच्या बाहीने यंत्राची कड पुसली.

"सिस्टर, या यंत्राची आणि माझी जुनी ओळख आहे." न्यिरोंगोचा स्वर रागाचा नव्हता, दमलेल्या माणसाचा होता. "हा इथे पोचा आलाय, बघा. आणि हे फुटबॉलचं अर्धं फाटलेलं चित्र. गेल्या बुधवारी हे मला नदीपलीकडच्या केंद्रात भेटलं होतं. तिथल्या सिस्टरनी सांगितलं, पाच वर्षं झाली, आमच्याकडेच आहे."

"जुळे असतील, साहेब," लुतेपो म्हणाला.

"जुळ्यांना एकाच जागी पोचा येतो?"

"एकाच आईच्या पोटात असले म्हणजे..." लुतेपो बोलत होता, पण फेलेसियाने त्याच्याकडे पाहिले आणि तो थांबला.

तिला प्रथम मापोंगाचा राग आला, त्याच्या त्या उदार हास्याचा. मग नदीपलीकडच्या सिस्टरचा, मग स्वतःचा. आणि समोर मापोंगा नव्हता, नदीपलीकडची सिस्टर नव्हती, म्हणून तो सर्व राग एकवटून, हातात कागद धरून उभ्या असलेल्या त्या चिखलमाख्या माणसावर येऊन पडला.

"मग काय करायला हवं होतं मी? सांगा ना! तुम्हीच लिहिलंत, धूर नाही म्हणून दिवा नाही. जन्मभर ज्यांनी धूर ओकला, त्यांनी थोडा कमी केला की त्यांना बक्षीस. आणि आमच्याकडे पेटवायलाच काही नाही, तर आमचं अभिनंदन! त्या अभिनंदनाच्या उजेडात टाके घालू का मी? मी दिवा मागितला होता, साहेब. धूर मागितला नव्हता. तुम्हाला धूर हवा होता म्हणून उसना आणला."

"माझ्यावर ओरडून काही—"

"तुमच्यावर नाही तर कोणावर ओरडू? बाकीचं कोणी इथवर येतच नाही!"

न्यिरोंगोने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सदरा ओला असल्यामुळे चष्मा अधिकच धूसर झाला.

"दूरच्या देशांतले कारखाने पैसे देतात," तो म्हणाला. "त्यांना कमी झालेल्या धुराचा आकडा दाखवावा लागतो. डोंगरावरचं पाणी आटतंय, पाऊस वेळेवर येत नाही, वादळात तुमच्याच जिल्ह्यातली गावं वाहून गेली. कुणीतरी धूर कमी करायलाच हवा ना, सिस्टर?"

"करा की! कोण नको म्हणतंय? पण आमच्यापासून का सुरुवात? आमचा शून्य आहे. शून्यातून किती काढणार?"

तेवढ्यात नाबोलाने दारातून हाक मारली. आणि ती हाक कशी असते हे फेलेसियाला ठाऊक असल्यामुळे ती वाक्य अर्धे टाकून आत धावली.

मेलिफाची मुलगी अर्ध्या तासाच्या आत जन्मली आणि लगेच रडली. ते सोपे होते. वार पडली, तेही ठीक झाले. पण रक्त थांबेना. गर्भाशय चोळून दगडासारखे घट्ट झाले, सुई दिली, तरीही ते येत राहिले. पातळ, ताजे, घाई नसलेले. फेलेसियाने म्हाताऱ्या नाबोलाला बाळ घेऊन बाहेर घालवले आणि मेलिफाचे पाय दूर करून वाकून पाहिले. खिडकीबाहेर चिपेरोनी अशी दाटली होती की सकाळचे अकरा वाजले आहेत हे कोणी शपथेवर सांगितले तरच पटावे. पण डोक्यावर बल्ब जळत होता. तिने कापूस दाबला, उचलला, पुन्हा दाबला. आत, वरच्या बाजूला, डावीकडे, बोटभर लांबीची एक फाट होती.

दिसले.

तिने सुई उचलली. दातांत टॉर्च नव्हता, तरी तिचा जबडा सवयीने घट्ट मिटला होता. पहिला टाका पडला, दुसरा पडला. तिसऱ्याच्या वेळी बल्ब पिवळा झाला, विझू विझू झाला आणि पुन्हा सावरला.

"लुतेपोबाबा!"

"पेट्रोल संपतंय, सिस्टर!" बाहेरून उत्तर आले. "मापोंगाने दीडच लीटर घातलं होतं, कंजूष लेकाचा!"

"मला ते सांगू नका! घाला कुठूनही! दिवा जाता कामा नये!"

बाहेर काही बोलणे झाले. मग खिडकीच्या गजांतून कोटाची बाही आत आली आणि तिच्या टोकाचा हात उघडझाप करू लागला. "नळी द्या. सलाईनची. नवी नको, जुनी चालेल."

तिने हनुवटीनेच खिडकीखालच्या टोपलीकडे खूण केली. हात चाचपडत नळी घेऊन गेला. थोड्या वेळाने बाहेर कोणीतरी जोराने ठसकले, थुंकले आणि उत्तरेकडच्या भाषेत काही तरी म्हणाले, जे निश्चितच पाहुण्यांपुढे म्हणण्याजोगे नसावे. बल्ब पांढरा झाला. फेलेसियाने चौथा टाका घातला, पाचवा, आणि सहावा केवळ मनाच्या समाधानासाठी. मग ती कापूस धरून उभी राहिली आणि मोजत राहिली. कापूस गुलाबी झाला. त्याहून लाल झाला नाही.

तिने मेलिफाला पुसून, पांघरूण घालून, पाणी पाजले, बाळ आणून तिच्या कुशीत दिले, हत्यारे धुतली. आणि ती हात पुसत असतानाच यंत्र दोनदा अडखळले आणि बंद पडले. खोली एकदम इतकी लहान झाली, की तिला आपला हात भिंतीला लागेल असे वाटले.

बाहेर न्यिरोंगो पायरीवर बसून मगातल्या पाण्याने चुळा भरत होता. मोटारसायकलच्या टाकीचे झाकण उघडे होते आणि नळी तिच्या तोंडाशी अजून लोंबत होती.

"झालं?" त्याने विचारले.

"दोघी आहेत," फेलेसिया म्हणाली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

मग न्यिरोंगोने कागदांचा गठ्ठा ओढला, त्यातले चौथे पान वर काढले आणि तिच्यापुढे धरले. "वाचा."

तिने वाचले. ज्या ठिकाणी किमान आवश्यक प्रकाशही उपलब्ध नसेल, त्या ठिकाणी तो उपलब्ध असता तर जेवढा धूर झाला असता तेवढा धूर झालाच आहे, असे समजून हिशेब करावा. तिने ते दुसऱ्यांदा वाचले.

"म्हणजे न झालेला धूर?"

"हो."

"तो तुम्ही मोजता?"

"मोजतो. नदीपलीकडेही मोजला असता, डोंगराच्या मागेही. पण हे पान उघडतं केव्हा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तेव्हा. ते उत्तर 'बरं आहे' असलं, की शहरातला संगणक पुढचं काही वाचतच नाही. थेट धुराच्या पानावर जातो."

"आणि पहिला प्रश्न कोणता?"

"उजेडाचं कसं काय."

फेलेसियाने त्याच्याकडे पाहिले, मग लुतेपोकडे. लुतेपो मोटारसायकलची टाकी अत्यंत बारकाईने पुसू लागला.

"गेल्या वर्षी आमचा माणूस आला," न्यिरोंगो सांगू लागला. "त्याने विचारलं, उजेडाचं कसं काय. त्याला सांगितलं गेलं, बरं आहे. आज मी विचारलं. तुम्ही म्हणालात, बरं आहे."

"अहो, दारात उभं राहून विचारलंत!" फेलेसिया पायरीवरून उठलीच. "हातात हात धरून! अजून पाणी विचारलं नाही, जेवण व्हायचंय, आणि दारातल्या पाहुण्यापुढे कोणी रडगाणं गातं का? तुमची आई गाते?"

"माझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हाही डॉक्टरला म्हणायची, बरं आहे, तुमचं कसं आहे."

"मग! तुम्हाला कळत नाही?"

"मला कळतं. प्रश्न मी लिहिलेले नाहीत."

"तर निदान सकाळी सांगायचंत, की बाई, हे नुसतं विचारणं नाही, प्रश्न आहे म्हणून!"

"उत्तर सुचवायचं नाही असा नियम आहे."

"आणि आता?"

"आता माझ्या तोंडात पेट्रोल आहे," न्यिरोंगो म्हणाला.

लुतेपो हसला. फेलेसियाला हसू आले नाही. तिच्या मनात गेल्या वर्षभराचा एकेक दिवस उलटत होता. कपाटाचे दार, त्यावरचे पत्र, एप्रिल. एवढ्या सगळ्याचे कारण दारातला एक शब्द. तिला तो शब्द उच्चारणाऱ्या लुतेपोचा गळा धरावासा वाटला, आणि आज सकाळी तोच शब्द तितक्याच सहजपणे तिच्याही तोंडून निघाला होता, हे आठवून हात खाली आले.

"ते यंत्र," ती म्हणाली. "लिहिणार त्याबद्दल?"

"खोटी माहिती दिली असं लिहिलं, तर केंद्र पाच वर्षं बाद होतं." त्याने पान उलटले. "तुमचं स्वतःचं यंत्र आहे?"

"आहे. तीन वर्षं बंद आहे. कोंबडी बसते त्यात."

"हे खरं आहे ना?"

"अंडी दाखवू?" लुतेपो म्हणाला.

"कोंबडीला रकाना नाही. बंद आहे एवढं लिहितो." त्याने लिहिले. मग तो पहिल्या पानावर आला. सकाळी केलेली खूण त्याने दोन रेघांनी खोडली, शेजारी आपली सही केली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि तो उभा राहिला. फेलेसियाही उभी होती. त्याने तिचा हात धरला नाही.

"सिस्टर, उजेडाचं कसं काय?"

त्याच क्षणी निवाऱ्याकडून नाबोला आली. तिच्या हातात झाकलेली थाळी होती. न्सिमाचे दोन पांढरे गोळे आणि दाण्याच्या कुटात शिजवलेला भोपळ्याचा पाला. नातीच्या जन्माच्या आनंदात तिने पाहुण्यासाठी मुद्दाम रांधले होते. पाहुणा अजून उपाशी होता. एक वडीलधारी बाई समोर उभी होती. आणि विचारलेला प्रश्न असा होता, की त्याचे उत्तर फेलेसियाच्या आईने, आजीने आणि तिने स्वतः आजवर एकाच प्रकारे दिले होते. उत्तर जिभेच्या टोकावर आलेलेही होते. लुतेपोने तिला मदत करावी म्हणून तोंड उघडले.

"ब—"

फेलेसियाने त्याच्याकडे नुसते पाहिले.

"बरं नाही," ती म्हणाली.

नाबोलाची थाळी हवेतच थांबली. लुतेपोने मान खाली घातली, जणू चारचौघांत कोणाचे तरी वस्त्र सुटले आणि ते आपल्याला दिसले. न्यिरोंगोने मान वर केली नाही. तो लिहीत होता.

"कधीपासून?"

"तीन वर्षं आणि दोन महिने."

"त्यामुळे काही झालं?"

फेलेसियाने एप्रिलचे सांगितले. नाव सांगितले, गाव सांगितले, दोन मुले मागे राहिली ते सांगितले. तिला काय दिसले नव्हते ते सांगितले. ते सांगताना तिचा आवाज सबंध सकाळीत प्रथमच खाली आला. न्यिरोंगोने ते सर्व त्या छोट्या रकान्यात लिहिले, रकाना संपल्यावर समासात लिहिले, आणि समास संपल्यावर कागद उलटा केला.

"पत्र येईल?" तिने विचारले.

"येईल. काय येईल ते मला माहीत नाही. पण ह्या वेळी चौथं पान उघडेल."

"अभिनंदन आलं तर मी ते घेऊन राजधानीला येईन."

"या. मीही तुमच्याबरोबर ओरडेन."

मग तो जेवला. हात धुऊन तो निघाला तेव्हा मोटारसायकलची टाकी कोरडी होती, आणि बाटलीतून पेट्रोल विकणारा सर्वांत जवळचा माणूस अकरा किलोमीटरवर होता. लुतेपोने स्वतःहून मागून ढकलायला हात लावला. ते दोघे धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत लुतेपोचा आवाज येत होता; तो पाहुण्याला सांगत होता की रस्ता पुढे अगदी चांगला आहे.

फेलेसिया वळली. नाबोला रिकामी थाळी छातीशी धरून दारातच उभी होती.

"सिस्टर," तिने हळूच विचारले, "माझी सून कशी आहे?"

"बरी आहे, आजी."

म्हातारी हलली नाही. तिने आपल्या लाल डोळ्यांनी फेलेसियाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले.

"खरंच बरी," ती म्हणाली, "की पाहुण्यापुरती?"

फेलेसियाने म्हातारीचे मनगट धरले आणि तिला आत नेले. मेलिफा झोपली होती. बाळ तिच्या काखेत, चितेंजेच्या कापडात गुंडाळलेले होते. नाबोला वाकली, आणखी वाकली, आणि मग तिने तोंड वर करून त्या विझलेल्या बल्बकडे पाहिले.

फेलेसिया मागे गेली. तिने दार सताड उघडले आणि ते मिटू नये म्हणून त्याला पायाने वीट लावली. गार धुके उंबऱ्यावरून आत आले. त्याच्याबरोबर थोडा उजेडही आला.

"आता दिसते?"

"थोडी," म्हातारी म्हणाली.